बिलात न लागणारी वाटी

हॉटेलातून जेवून बाहेर पडलेला माणूस पानाच्या टपरीपाशी उभा राहून निकाल देतो, आणि तो निकाल बहुतेक वेळा दोन शब्दांचा असतो. ‘जबरी होतं’ किंवा ‘ठीक होतं’. काय जबरी होतं असं विचारलं की मागवलेल्या पदार्थाचं नाव येतं: मटण, सुरमई, मिसळ, मसाला डोसा. पण मागवलेला पदार्थ सांभाळून घ्यायला हॉटेलवाल्याकडे भरपूर फौज असते. तेल असतं, लोणी असतं, गरम मसाला असतो, हॉटेलचं नाव असतं आणि रांगेत तासभर उभं राहून पेटलेली भूक असते. दुपारी अडीच वाजता उपाशी माणसाला कुठलंही मटण मऊच लागतं.

परीक्षा घ्यायची तर त्या पदार्थासोबत फुकट जे येतं त्याची घ्यावी. मिसळीवरचा जादा रस्सा, बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड, मटण थाळीतला पांढरा, मासळीच्या ताटातली सोलकढी, इडलीची चटणी, वडापावाबरोबरची तळलेली मिरची, पिठल्याशेजारचा ठेचा. यातल्या कशाचीही बिलात ओळ नसते. ओळ नसते म्हणून कुणी तक्रारही करत नाही. ‘चटणी आंबली होती’ म्हणून पैसे परत मागणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. मालकाला काटकसर करायची असते तेव्हा पहिला हात इथेच पडतो आणि आचाऱ्याला कंटाळा येतो तोही आधी इथेच दिसतो. उलट जिथे ही वाटी नीट आहे, तिथे भटारखान्यात कुणीतरी जागं आहे असं समजायला हरकत नाही.

मिसळीपासून सुरुवात करू, कारण मिसळ हा मुळात त्या वाटीवरच उभा असलेला पदार्थ आहे. कोल्हापूरकर तिला कट म्हणतो, पुणेकर सँपल म्हणतो, नागपूरकडे तर्री. ठाण्याच्या मामलेदार कचेरीच्या आवारातल्या कॅन्टीनची ओळख या झणझणीत रश्शामुळेच झाली. पुण्यात खाली पोहे येतील, नाशकात सोबत पापड, दही, कधी जिलबी, कोल्हापुरात पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाइस. २०१५ साली दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला लंडनमध्ये पुरस्कार मिळाला तेव्हा ‘ही कसली मिसळ, ही तर गोडमिट्ट’ म्हणून घाटावर जी नाकं मुरडली गेली, ती कटावरूनच. फरसाण बाहेरून येतं, पाव बेकरीतून येतो, मटकी कुणीही उकडतं. हॉटेलचं स्वतःचं असं त्या बशीत काय असतं, तर कट.

कट कसा होतो ते माहीत असलं की तो कुठे बिघडलाय हे जिभेला सापडतं. कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं, कारण कांद्याला वेळ लागतो आणि खोबरं दोन मिनिटांत करपतं. आलं, लसूण, थोडे तीळ, कुणी खसखस, सगळं वाटून तेलात परतायचं. दहा प्लेटच्या कटाला वाटी-दीड वाटी तेल जातंच; त्यात कंजुषी केली की वर तवंग येत नाही. वाटणाला तेल सुटलं की आच मंद करून कांदा-लसूण मसाला आणि तिखट टाकायचं आणि लगेच पाण्याचा हबका मारायचा. हा क्षण चुकला की खेळ संपला. तापलेल्या तेलात तिखट काही सेकंदांत काळवंडतं आणि मग त्याचा जो कडवटपणा येतो तो गूळ घालून झाकत नाही, कोकम घालूनही झाकत नाही. त्यानंतर पाणी घालायचं ते उकळतंच. थंड पाणी ओतलं तर रस्सा बसतो आणि वरचा तवंग फाटल्यासारखा दिसतो. मग वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळी. तेल हळूहळू वर येतं, लाल होतं आणि चमकतं.

आता समोर आलेल्या वाटीकडे पाहू. पहिलं काम चमच्याचं. चमच्याच्या पाठीने वरचा तवंग बाजूला सारायचा आणि खालचा रस्सा घेऊन चाखायचा. खालच्या रश्शाला खोबऱ्या-कांद्याची चव, थोडा दाटपणा, भाजल्याचा वास असेल तर कट खरा. खाली नुसतं हळदीचं खारट पाणी आणि वर लालभडक तेल असेल तर समजायचं की तेल वेगळं तापवून, त्यात तिखट घालून बरणीत भरून ठेवलंय आणि पातळ पाण्यावर पळीपळीने सोडलंय. दिसायला हीच वाटी जास्त देखणी असते. फोटोत तर नक्कीच.

दुसरं काम रंगाचं. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून वाटी दोन मिनिटं न ढवळता ठेवली की लाली वर गोळा झाली पाहिजे आणि खालचा रस्सा तपकिरीकडे झुकला पाहिजे. खालचं पाणीसुद्धा गुलाबी-लाल, सरबतासारखं स्वच्छ रंगलेलं असेल तर रंगाची पुडी पडलेली आहे, कारण बाजारात मिळणारे खाण्याचे रंग पाण्यात विरघळणारे असतात. ब्रेडचा पांढरा तुकडा बुडवून पाहिला तर अजून सोपं: तेलाची लाली ब्रेडवर नारिंगी कडा सोडते, पुडीचा रंग सगळ्या तुकड्यात एकसारखा चढतो आणि बोटांनाही. वास्तविक पुडीची गरजच नाही. ब्याडगी मिरची भरपूर रंग देते आणि तिखटाला बेताची असते. सोबत संकेश्वरी किंवा लवंगी घातली की तिखटपणाचा हिशोब जुळतो. पण ब्याडगी महाग पडते आणि पुडी स्वस्त.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि फार कमी लोक करतात ते. दुसरी वाटी मागायची. पहिली आणि दुसरी वाटी एकाच भांड्यातली असायला हवी. गर्दीच्या रविवारी साडेअकरानंतर पातेलं तळाला लागतं, बाहेर रांग असते, आणि मग पातेल्यात उकळतं पाणी आणि मूठभर मीठ-मसाला पडतो. मसाला कच्चा राहतो. दुसऱ्या वाटीत तिखट घशाला लागतं पण जिभेला चव लागत नाही, ते याच कारणाने: परतून न घेतलेलं तिखट. अर्थात दुसरी वाटी कधीकधी पहिलीपेक्षा खारट आणि दाट येते. तो दोष नाही, तो तळाचा कट, आटलेला. त्याच्यावर नाराज होण्यापेक्षा लिंबू पिळावं.

वेळेचं म्हणाल तर नऊ ते अकरा. पहाटे केलेला कट सातला अजून मुरलेला नसतो, आणि बारानंतर वर सांगितलेला घोळ सुरू होतो. मटकीचंही तसंच. आठ-दहा तास भिजवून फडक्यात बांधलेली मटकी बारा-पंधरा तासांत बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे मोड काढते. उकाड्यात ती त्याहून जास्त राहिली की चिकट होते आणि आंबूस वास धरते. तो वास कटाखाली लपतो, म्हणून मटकीचे चार दाणे कोरडेच तोंडात टाकून पाहावेत. दाणा दाताखाली फुटला पाहिजे. पीठ होऊन विरघळला तर उकडताना सोडा पडलाय.

पावाबद्दल एकच गोष्ट. बेकरीचा पाव बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोनदा येतो. ताजा पाव दाबला की परत फुगतो. न सांगता, लोणी लावून तव्यावर शेकलेला पाव समोर आला तर त्या आपुलकीने भारावून जायचं कारण नाही. तो बहुधा कालचा आहे.

‘एक्स्ट्रा रश्श्याचे पैसे पडतील’ अशी पाटी हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसते. तिच्यावर राग धरावा की नाही याबद्दल दोन मतं आहेत. माझं मत पाटीच्या बाजूने आहे. खोबरं आणि तेल ज्या भावाने आहे त्यात अमर्याद कट देणं म्हणजे कुठेतरी पाणी घालणंच. दहा-वीस रुपये घेऊन खरा कट देणारा मला फुकट पाणी वाढणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. फक्त मग ती वाटी ‘वर’ची राहत नाही, ती विकत घेतलेली वस्तू होते, आणि तिची तक्रारही करता येते.

कांदा आणि लिंबू या दोघांकडे पाहून हॉटेलचं घड्याळ कळतं. कांदा चिरून तासाभरात उग्र होतो, कडवट होतो, आणि बशीत खाली पाणी सोडतो. बारीक चिरलेल्या कांद्याच्या कडा पारदर्शक आणि पिवळट झाल्या असतील तर तो सकाळचा. चांगल्या हॉटेलात एक पोरगा सकाळभर कांदाच चिरत असतो. थोडा चिरायचा, संपला की पुन्हा. वाईट हॉटेलात पहाटे एकदाच घमेलंभर चिरून ठेवतात. पावसाळा संपता संपता कांद्याचा भाव कडाडला की बशीतल्या कांद्यात हळूच कोबी मिसळायला लागतो. भजीतही मिसळतो, पण भजीत तो डाळीच्या पिठाआड दडतो. मिसळीवर मात्र कोबी दाताखाली करकरतो आणि चोरी उघडी पडते. उन्हाळ्यात लिंबाचं तसंच. एरवी अर्धं लिंबू येतं, एप्रिल-मेमध्ये त्याच्या चार फोडी होतात, आणि त्या फोडी सकाळपासून कापून ठेवल्या असतील तर कडेला वाळून पिळताना फक्त बी पडते. भाव वाढला म्हणून फोड लहान झाली तर चालेल. ‘लिंबू संपलं’ असं सांगणाऱ्यापेक्षा लहान फोड देणारा बरा.

कोल्हापुरात मटण थाळी मागवली की तांबडा आणि पांढरा हे दोन रस्से सोबत येतात आणि बहुतेक ठिकाणी वाढपी ते मागाल तितके देतो. तांबड्याबद्दल बोलायला सगळेच उत्सुक असतात. पण परीक्षा पांढऱ्याची असते, कारण तांबड्यात तिखटाआड काहीही खपतं आणि पांढऱ्यात लपायला जागाच नाही. ना हळद, ना तिखट. मटण आलं-लसूण-मीठ लावून शिजवल्यावर जे पाणी उरतं, त्याला अळणी म्हणतात (मीठ असतं त्यात, तरी म्हणतात), ते या रश्शाचं मूळ. त्यात काजू, तीळ, खसखस यांचं गुळगुळीत वाटण, तुपात दालचिनी-लवंग-वेलदोडा-मिरीची फोडणी आणि शेवटी नारळाचं दूध.

दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, सतत ढवळत नुसतं गरम करायचं. उकळलं की नारळाचं दूध फाटतं, वर बारीक दाणे आणि तेलाचे डोळे दिसतात. फाटलेला पांढरा चवीला फार वाईट नसतो, पण वरचेवर फाटलेलाच मिळत असेल तर आचारी पातेल्यापाशी उभा राहत नाही हे कळतं. त्याहून वाईट म्हणजे कधीच न फाटणारा, भिंतीला रंग द्यावा इतका दाट पांढरा. तो कॉर्नफ्लॉवरचा. पांढरा रस्सा प्यायचा असतो, चमच्याने खायचा नसतो. वाटी बाजूला ठेवून पाच मिनिटांनी पाहावी: कॉर्नफ्लॉवरचा रस्सा निवला की वर साय धरतो, आणि बोट लावलं की खळीसारखा लागतो. हाडांच्या पाण्याचा खरा रस्सा निवल्यावर वेगळंच करतो. प्यायल्यावर ओठ एकमेकांना हलकेच चिकटतात. हाडं आणि नळ्या तासभर शिजल्यावर जो चिकटा पाण्यात उतरतो, त्याची ती खूण. मटणाचे तुकडे मोजके आणि पांढऱ्याचा पूर असेल तर हे चिकटणं हमखास गायब असतं, कारण दोन किलो मटणाच्या पाण्यात पन्नास वाट्या काही निघत नाहीत.

समुद्राकडे गेलं की हीच जागा सोलकढी घेते. घरगुती हिशोब असा: एका नारळाला दहा-बारा आमसुलं अर्धा तास कोमट पाण्यात, किंवा त्याऐवजी दोन-तीन चमचे आगळ (कोकमाचा दाट रस), दोन-तीन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ. पहिलं दाट दूध, मग दुसरं. यात चार पेले सोलकढी होते. हॉटेल यातून आठ-दहा पेले काढतं, आणि तेवढ्यावर थांबलं तर कुरकुरू नये. पुढे गेलं की रंगात कळतं. आमसुलाचा रंग आंबटपणावर अवलंबून असतो: आमसूल पुरेसं असेल तर फिकट, किंचित जांभळट गुलाबी, आमसूल कमी पडलं की रंग राखाडीकडे झुकतो. आणि हा राखाडीपणा झाकायला बीट येतं. बीटाची सोलकढी झक्क गुलाबी दिसते, लहान मुलीच्या फ्रॉकसारखी, पण तिला मागून गोडसर मातकट चव असते आणि आंबटपणा रंगाला साजेसा नसतो. बीटाचा डाग स्टीलच्या पेल्याच्या कडेला राहतो, तोही पाहावा. नारळाऐवजी पावडरचं दूध वापरलं असेल तर सोलकढी फार गुळगुळीत लागते आणि तिच्यात नारळाचा चोथा कधीच सापडत नाही. खऱ्या सोलकढीच्या तळाशी थोडा चोथा उतरतोच.

सोलकढी थोडा वेळ ठेवली की पाणी खाली आणि साय वर जाते. त्यात वावगं काही नाही. ढवळली की एक व्हायला हवी. ढवळूनही कण तसेच राहिले, आणि आंबटपणाला आमसुलाऐवजी दह्यासारखी छटा आली, तर नारळाचं दूध उतरलंय. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं दूध चार-पाच तासांत उतरतं. दुपारी तीन वाजता सकाळची सोलकढी पिणं म्हणजे पोटाशी वैर. आणि जिथे सोलकढी उतरलेली खपवतात तिथे फ्रीझमधल्या मासळीचं काय होत असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

गोव्यातल्या साध्या ताटात सोलकढीइतकीच महत्त्वाची असते ती उकड्या भातावर ओतायची हुमणाची, म्हणजे मासळीच्या आमटीची वाटी. मासळीचा तुकडा वेगळा मोजून येतो, पण हुमण पुन्हा मागता येतं. ताजं हुमण नारळाचं वाटण आणि आंबटाचा तोल सांभाळतं. बांगड्याच्या हुमणात तिरफळ हा उग्र मसाला असतो आणि तो दाताखाली चावायचा नसतो हे बाहेरच्या माणसाला पहिल्या घासात कळतं. हुमणाला मासळीचा गोडवा नसेल, नुसतं नारळाचं सार लागत असेल, तर मासळी वेगळी तळून हुमण वेगळं केलंय. वाईट म्हणता येणार नाही, पण ते हुमण नव्हे.

इथे मासळीबद्दल दोन शब्द, कारण ती फुकट नसली तरी पैसे तिच्यावरच जातात. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत पाटीवर सुरमई, पापलेट, हलवा सगळं हजर असेल तर ते बर्फातलं आहे. वाढप्याला ‘सुरमई ताजी आहे का’ असं विचारू नये, उत्तर ठरलेलं आहे. ‘आज काय आलंय’ असं विचारावं. तो क्षणभर थांबून ‘मांदेली घ्या’ म्हणाला तर निमूट मांदेली घ्यावी. तळलेल्या तुकडीवर रव्याचा जाड थर असेल तर तो काट्याने सोलून आतलं मांस पाहायचं: ताज्या सुरमईचे पापुद्रे सुटतात, शिळी पिठूळ होऊन चुरते, काट्यालगत तपकिरी पट्टा दिसतो. बांगडा खाताना जीभ मिरीशिवाय चुणचुणली तर तिथेच थांबावं. नीट थंड न ठेवलेल्या बांगड्यात, कुप्यात (ट्यूना) हिस्टामीन हा ॲलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ साठतो, आणि तो शिजवून किंवा तळून जात नाही. अंगावर लाल चट्टे उठतात ते मसाल्यामुळे नव्हेत.

उडपी हॉटेलात हीच परीक्षा चटणीची. माटुंग्याचं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. तिथे केळीच्या पानावर वाढलेलं जेवण सगळंच पुन्हापुन्हा मिळतं, आणि सगळं पुन्हापुन्हा द्यायचं तर सगळंच नीट करावं लागतं. नाक्यावरच्या उडप्याकडे मात्र इडली दोन आणि चटणी-सांबार हवं तितकं, असा करार असतो. चटणी पांढरीशुभ्र असावी. ती पिवळसर आणि पिठूळ असेल, घशात बसत असेल, तर नारळाला डाळव्यांनी मागे टाकलंय. एका नारळाला अर्धी ते एक वाटी डाळवं चांगलं. त्याने चटणी बांधली जाते. त्यापुढे गेलं की ती चटणी राहत नाही, लापशी होते. इडलीवर चमचाभर चटणी ठेवून पाहिली तर सोपी खूण मिळते. ताजी चटणी गोळ्याने राहते, पाणी घालून वाढवलेली चटणी गोळ्याभोवती ओलं वर्तुळ सोडते. वर पाहावं: मोहरी आणि कढीपत्ता. कढीपत्ता अजून करकरीत असेल तर फोडणी आत्ताची. काळा आणि लिबलिबीत असेल तर चटणी नाश्त्याच्या पहिल्या फेरीची. आणि बारीक बुडबुडे दिसले, चिंच-दही नसतानाही आंबट लागली, तर वाटी सरळ बाजूला सारावी.

सांबाराची गंमत वेगळी. ते सकाळी आठला पातळ आणि चविष्ट असतं, अकराला डाळ तळाशी बसून वर नुसता रस्सा उरतो. वाढपी वरवर पळी मारतो की तळापर्यंत नेऊन वर आणतो, हे लांबूनही दिसतं. त्या एका हालचालीवरून हॉटेल ओळखणारे लोक आहेत, आणि ते फारसे चुकत नाहीत.

देशावरच्या पिठलं-भाकरीच्या ठिकाणी ठेचा. भाजलेल्या किंवा तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, हवे तर दाणे, आणि दगडी खलात किंवा तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडणं. खलातल्या ठेच्यात मिरचीची साल दिसते, लसणाचा तुकडा सापडतो, तो कोरडा राहतो. मिक्सरचा ठेचा गुळगुळीत हिरवा लगदा होतो आणि तासाभरात पाणी सोडतो. त्या पाण्याने भाकरीचा पापुद्रा भिजतो आणि मग भाकरीही बिचारी नाहक बदनाम होते. भाकरीचा स्वतःचा दोष मात्र असतो पिठाचा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते, थापताना कडा फाटतात, फुगत नाही, आणि मागून कडवट लागते. कडा चिरलेली भाकरी समोर आली की पीठ दळून बरेच दिवस झालेत हे न विचारता कळतं. बाजरीचं तर त्याहून लवकर. ऑर्डर दिल्यावर भाकरीला दहा-पंधरा मिनिटं लागली तर खुश व्हावं. दोन मिनिटांत आली तर ती टोपल्यात होती.

वडापावाच्या गाडीवर तळलेली मिरची आणि सुकी लाल चटणी. चटणीत सुकं खोबरं असतं, म्हणून ती खवट होते. नाकाशी नेली की जुन्या तेलाचा वास येतो. मिरची कढईचा हिशोब सांगते. ती वड्यासारखी पिठात लपेटलेली नसते, तेल तिच्या अंगाला थेट लागतं. मिरचीवर काळे ठिपके आणि चाखल्यावर घशात खवखव म्हणजे तेल कित्येक घाण्यांचं. पुन्हापुन्हा तापलेल्या तेलात साठणारे पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवर ते मोजणारं यंत्र कुणी ठेवत नाही, पण जुनं तेल काळपट दिसतं, वडे सोडले की वर येणारा फेस लवकर विरत नाही, आणि तापण्याआधीच धूर धरतं.

या सगळ्या परीक्षेला एक भोक आहे. काही जुन्या जागा अशा असतात की जिथे एकच पदार्थ अप्रतिम होतो आणि बाकी सगळं हलगर्जी. कांदा वाळका, पाणी कोमट, ग्लासाला अंड्याचा वशट वास, वाढप्याचं तोंड वाकडं, पण खिमा असा की बाकीचं सगळं माफ. अशा ठिकाणी वाटीवरून निकाल दिला तर आपलंच नुकसान. नव्या चकचकीत जागेत उलटा धोका: चार प्रकारच्या चटण्या, मातीच्या कुल्हडात सोलकढी, लाकडी फळीवर ठेचा, आणि मूळ ताटात फ्रोझन मटार. फुकटाचा थाट फार वाढला की त्याचे पैसे ताटात घातलेले असतात. तेव्हा ही वाटी पहिल्यांदा गेल्यावर पाहायची गोष्ट आहे. तिसऱ्यांदा जाणारा माणूस तसंही काही पाहत नाही, तो वाढप्याला मान हलवून ‘नेहमीचं’ म्हणतो.

उरली बडीशेप. ती गल्ल्याजवळ येते, बिलाच्या बशीत, आणि बिलावर चौदा आकडी अन्नपरवाना (FSSAI) क्रमांक आहे का ते पाहता पाहता हात आपोआप तिच्याकडे जातो. हलकी भाजलेली बडीशेप हिरवट-पिवळी असते आणि चावताना तुटते. पावसाळ्यात उघडी राहिली की सादळते, खडीसाखर ओली होऊन तिला चिकटते. रंगीत गोळ्या जास्त आणि बडीशेप कमी असेल तर काय ते समजून घ्यावं. आणि चमचा पाहावा. वाटीत चमचा ठेवलेला असेल, तो कोरडा असेल, तर दोन चिमटी जास्त घ्यायला हरकत नाही.